काट्याला बाई-गडी कळत नाही

शेतकरी मंडळी, उद्या गावचा बाजार आहे असं धरा. आज संध्याकाळी तुम्ही ओट्यावर वही घेऊन बसला आहात आणि आठवडाभर कामाला आलेली माणसं अंगणात उभी आहेत. कांद्याच्या वावरात चार बाया होत्या आणि दोन गडी होते. सहा दिवस सगळ्यांनी एकाच वाफ्याला वाफा लावून खुरपलं. पाणी एकाच घागरीचं प्यायलं, भाकरी एकाच झाडाखाली सोडली. आता तुम्ही हिशेब करता. गड्यांच्या हातावर एक आकडा पडतो, बायांच्या हातावर दुसरा. कोणी काही बोलत नाही. बाया पैसे पदराच्या गाठीला बांधतात, 'येतो दादा' म्हणतात आणि निघतात. तुम्हीही वही मिटता.

कोणी किती ओळी खुरपल्या ते तुम्ही मोजलं नाही. मोजायची गरजही वाटली नाही. गावात बाईचा रोज ठरलेला असतो, गड्याचा ठरलेला असतो. आपल्या बापाने तसंच दिलं, आपणही तसंच देतो. या रिवाजाबद्दल आज चार शब्द बोलायचे आहेत. तुम्हाला गुन्हेगार ठरवायचं म्हणून नव्हे. गावातला निम्म्याहून जास्त शेतीधंदा ज्या हातांवर चालतो, त्या हातांचा हिशेब आपण नीट करतो का, एवढंच पाहायचं आहे.

कापसाच्या वेचणीतला धडा

बाईला रोज कमी का, असं कोणालाही विचारा. ठरलेलं उत्तर येतं. 'बाईचं काम हलकं. गड्याएवढं उरकत नाही.' हे उत्तर खरं की खोटं, हे पाहायला लांब जायला नको. आपल्याच शिवारात त्याची परीक्षा दरसाल होते.

कापसाची वेचणी बहुतेक ठिकाणी किलोवर असते. संध्याकाळी प्रत्येकाचं गाठोडं काट्याला लागतं, जेवढे किलो तेवढे पैसे. काट्याला बाई कळत नाही आणि गडीही कळत नाही. वेचणीच्या दिवसांत गावात कोणाचं गाठोडं जड भरतं, ते तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे. हाताला चपळाई लागते, वाकून राहण्याचा सराव लागतो, बोंडातून कवडी न आणता कापूस काढावा लागतो. या कामाला बाया किती पुढे आहेत हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. म्हणून तर वेचणीला शेतकरी आधी बायांनाच बोलावणं धाडतो.

आता पाहा. तीच बाई, तेच हात, तेच वावर. किलोवर काम दिलं की ती गड्याच्या बरोबरीने किंवा पुढे. आणि रोजावर बोलावलं की लगेच ती 'हलकी' होते. मग हलकं काय आहे, तिचं काम की आपलं मोजमाप?

कांद्याच्या लागणीतही तेच. बायांच्या टोळ्या एकराचा उक्ता दर ठरवून लागण करतात. रोजावर जेवढं मिळालं असतं त्याहून जास्त कमावतात आणि काम वेळेत सोडतात. उक्त्यात त्यांचा उरक दिसतो. रोजात तो कोणी पाहत नाही.

यात एक खोच आहे, तीही सांगायला हवी. काटा भेद करत नाही हे खरं, पण काट्यावरचा दर माणूसच ठरवतो. जे काम फक्त बायांचं म्हणून पडून गेलं, वेचणी म्हणा, खुरपणी म्हणा, भाताची लावणी म्हणा, त्या कामाचा दरच गावात आखडता राहतो. भाताच्या चिखलात दिवसभर कंबरेत वाकून रोप लावणं हे हलकं काम आहे असं म्हणणाऱ्याने एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ते करून पाहावं. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना उत्तर मिळेल.

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलं आहे

समान मजुरी म्हणजे शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचं खूळ, असं काहींना वाटतं. पण ती आपल्या गावच्या मातीतच रुजलेली गोष्ट आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो काढला त्यांना आठवत असेल, खडी फोडायला, पाझर तलावावर, नालाबांधावर लाखो माणसं उतरली. त्यात बाया कडेवर लेकरू घेऊन उतरल्या होत्या. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

त्या योजनेत दर माणसाला नव्हता, कामाला होता. किती माती खोदली, किती खडी फोडली, त्याचं मोजमाप आणि त्यावर मजुरी. मस्टरवर बाईचं नाव वेगळं, तिचा अंगठा वेगळा. पुरुषाचा दर आणि बाईचा दर अशी दोन कोष्टकं नव्हती. २००५ मध्ये देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हाही मजुरीत बाई-पुरुष भेद करू नये, हे त्यात लिहिलं गेलं, आणि कामावर किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असंही ठरलं.

या कामांवर सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. मजुरी उशिरा मिळे, मोजमापात कुरबुरी होत. पण एक गोष्ट सिद्ध झाली. बाईला आणि गड्याला एकच दर दिला म्हणून कोणतंही काम अडलं नाही, कोणतं तळं अर्धं राहिलं नाही. सरकारी बांधावर जे चाललं ते आपल्या बांधावर का चालू नये?

'बाया उशिरा येतात' – याचा हिशेब

तुम्ही म्हणाल, 'अहो, बाया दहाला येतात आणि पाचला जातात. गडी आठपासून असतो.' काही गावांत हे खरं आहे. मग त्याचाही हिशेब सरळ करू.

समजा, गडी ८ तास काम करतो आणि त्याला ४८० रुपये मिळतात. म्हणजे तासाला ६० रुपये पडले. बाई ६ तास काम करते आणि तिला ३०० रुपये मिळतात. म्हणजे तासाला ५० रुपये. तासावर धरलं तर तिचे ३६० व्हायला हवेत. दिवसाला ६० रुपये तिच्या पदरात कमी पडले. वर्षात १०० दिवस ती मजुरीला गेली तर ६,००० रुपये झाले. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे दर घाला आणि तुमच्याच वहीवर हिशेब करा. वेळ कमी म्हणून पैसे कमी, हे कोणीही समजून घेईल. पण वेळ कमी झाला त्याहून जास्त पैसे कापले जातात, हे कसं समजून घ्यायचं?

आणि ती उशिरा का येते? पहाटे उठून तिने पाणी भरलेलं असतं, शेणघाण काढलेली असते, धार काढून डेअरीत दूध धाडलेलं असतं, भाकरी थापून पोरांना शाळेला लावलेलं असतं. गडी आठला बांधावर उभा राहतो तो तिच्याच हातची न्याहरी करून. तिचा दिवस तुमच्या वहीत दहाला सुरू होतो, एवढंच.

दुसरा मुद्दा ताकदीचा. नांगर धरणं, पोती उचलणं, विहीर खोदणं ही जड कामं गडी करतो, म्हणून त्याला जास्त. जड कामाला जास्त पैसे द्या, त्याला कोणाची ना नाही. पण तो गडी जेव्हा बायांच्या शेजारी बसून खुरपतो तेव्हाही त्याला जड कामाचा दर का? शिवाय आज नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्रावर होते. जड काम यंत्राने उचललं, वाकून करायचं काम मात्र बायांच्या कमरेवर तसंच राहिलं. ताकदीची सबब आता फार जुनी झाली.

अर्ध्या कोयत्याची गोष्ट

आता ऊसतोडीच्या फडावर चला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता.

काम दोघांचं आहे. तो ऊस तोडतो, ती वाढे कापते, पाचट सोलते, मोळी बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. गाडी रात्री-बेरात्री आली तरी भरायची. तिथून कोपीवर येऊन चूल पेटवायची तीही तिनेच. पण मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. करार होतो तो नवऱ्याशी. हिशेब होतो तो नवऱ्याच्या नावावर. पट्टीत तिचं नाव शोधाल तर सापडणार नाही. तिला मजुरी कमी मिळते असंही म्हणता येत नाही, कारण कागदावर तिला मजुरीच नाही. ती अर्धा कोयता आहे, आणि अर्ध्या कोयत्याला नाव नसतं.

याचे परिणाम पैशापुरते थांबत नाहीत. एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो आणि त्याचे पैसे कापले जातात. अंगावरून जात असेल, दिवस गेलेले असतील, बाळंत होऊन पंधरवडा झाला असेल, तरी खाड्याच्या भीतीने बाई फडात उभी राहते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तो प्रश्न दवाखान्याचा होता तसाच तो मजुरीच्या पद्धतीचाही होता. ज्या कामगाराचं नावच वहीत नाही त्याला आजारपणाची सुट्टी कोण देणार, बाळंतपणाची रजा कोण देणार?

या कामगारांसाठी आता लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. गावपातळीवर नोंदणी करून ओळखपत्र देण्याचं काम ग्रामपंचायतीकडे आलेलं आहे. ओळखपत्र नवऱ्याचं झालं म्हणून काम संपत नाही. बायकोचं वेगळं व्हायला हवं. ते केलं की नाही, हे प्रत्येक गावाने आपापल्या दप्तरात पाहावं.

कायदा काय म्हणतो

आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदातच लिहिलं आहे की स्त्री आणि पुरुष दोघांना समान कामाला समान वेतन मिळावं. त्यासाठी १९७५ मध्ये केंद्राने वटहुकूम काढला आणि १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. नोकरीत घेतल्यावर बढती, प्रशिक्षण आणि बदली यांतही स्त्री म्हणून भेद करायचा नाही, हे तेव्हा स्पष्ट करण्यात आलं. आता तो कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

संहितेतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, काम अगदी तंतोतंत तेच असलं पाहिजे असं नाही. कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी सारखी असली तर ते 'सारख्या स्वरूपाचं काम' धरलं जातं. दुसरी, बरोबरी करायची म्हणून कोणाचा दर खाली आणता येत नाही. म्हणजे गड्याचे कापून बाईच्या बरोबर आणले, ही पळवाट बंद आहे. बाईचा दर वर न्यायचा.

मुंबईतला एक खटला इथे सांगतो. शहरातला असला तरी आपल्या उपयोगाचा आहे. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज व्यवसायातल्या कंपनीत ऑड्री डिकोस्टा नावाच्या बाई स्टेनोग्राफर होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुष स्टेनोग्राफरांना त्यांच्यापेक्षा जास्त पगार होता. कंपनीचं म्हणणं असं की या 'लेडी' स्टेनोग्राफर आहेत, त्यांचा वर्ग वेगळा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८७ मध्ये निकाल बाईंच्या बाजूने लागला. वर्गाला वेगळं नाव दिलं म्हणून काम वेगळं होत नाही. आणि समान वेतन देणं मालकाला परवडतं की नाही यावर कायदा लागू होणं अवलंबून नाही, असं न्यायालयाने बजावलं.

आता आपल्या वावरात या. 'बायकांची खुरपणी' आणि 'गड्यांचं काम' ही नावं आपणही अशीच पाडली आहेत. आपल्याकडे ना युनियन, ना कोर्टात जाणारी बाई. तिला तुमच्याच बांधावर पुन्हा कामाला यायचं असतं, म्हणून ती गप्प बसते. तिचं गप्प बसणं म्हणजे तिला पटलं, असा अर्थ कोणी काढू नये.

बढती म्हणजे फक्त ऑफिसातली नव्हे

बढती म्हटलं की आपल्याला साहेबाची खुर्ची आठवते. तिथेही बायांना सुखासुखी काही मिळालं नाही. सी. बी. मुथम्मा या भारताच्या परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. १९४९ मध्ये सेवेत आल्या. वरच्या हुद्द्यासाठी डावललं गेलं म्हणून त्यांना सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. सेवेच्या नियमांत बाईने लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी असं कलम होतं. पुरुषाला तसं काही नव्हतं. सुनावणी होईतो सरकारने त्यांना बढती देऊन टाकली, पण १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले.

एवढ्या शिकलेल्या बाईची ही गत, तर बांधावरच्या बाईचं काय? शेतीतही बढतीच्या पायऱ्या असतात. खुरपणीपासून सुरुवात. त्याच्या वर फवारणी, ठिबकची देखभाल, कलमं बांधणं, द्राक्षाची छाटणी. त्याच्या वर ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र चालवणं. त्याच्या वर टोळीचा मुकादम, कामावरचा मेट. पायरी चढली की दर वाढतो, शब्दाला वजन येतं. गडी पंधराव्या वर्षी खुरपं धरतो आणि तिशीला ट्रॅक्टरवर बसलेला असतो. बाई पंधराव्या वर्षी खुरपं धरते आणि साठीलाही तिच्या हातात खुरपंच असतं. पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवाची किंमत शून्य.

'बायांना मशीन जमत नाही' हे त्यावरचं उत्तर. शिवणयंत्र जमतं, पिठाची गिरणी जमते, मोबाइल जमतो, स्कूटी जमते, मग पॉवर टिलर का जमणार नाही? कृषी खात्याचं प्रशिक्षण गावात येतं तेव्हा दवंडी कोणाला जाते आणि सतरंजीवर कोण बसतं, ते आठवा. शिकवल्याशिवाय कोणालाच काही येत नाही, गड्यालाही नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये बचत गटांच्या बायांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना जाहीर केली. ड्रोन उडवायचं काम बाईकडे देता येतं, तर पाठीवरचा पंप आणि त्याचा दर का देता येऊ नये?

एक उलटं चित्रही आपल्याच गावात आहे. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायत राज्यात निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. सरपंच बाई ग्रामपंचायतीच्या धनादेशावर सही करते. तीच बाई दुसऱ्या दिवशी कोणाच्या वावरात खुरपायला गेली तर तिचा रोज शेजारच्या गड्यापेक्षा कमी. गावाचा पैसा तिच्या सहीने फिरतो, तिच्या स्वतःच्या घामाचा भाव मात्र दुसराच कोणी ठरवतो.

'आम्हालाच भाव मिळत नाही' – हे दुखणं खरं आहे

आता तुमच्या मनातलं बोलतो. 'कांदा मातीमोल जातो, सोयाबीनला भाव नाही, खतं-औषधं महाग. मजुरी वाढवायची तर आणायची कुठून?' हे दुखणं खरं आहे आणि ते नाकारणं म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडावर खोटं बोलणं होईल. शेतमालाच्या भावाची लढाई लढलीच पाहिजे.

पण त्याच लढाईचा एक धागा इथे आहे. हमीभाव मागताना आपण काय म्हणतो? घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरा. ती रास्त मागणी आहे. आता घरच्या मजुरीत सगळ्यात जास्त दिवस कोणाचे असतात? आई, बायको, सून, लेक यांचे. गावात बाईच्या दिवसाची किंमत आपणच कमी धरली, तर आपल्या पिकाचा उत्पादन खर्चही तेवढाच कमी दिसणार. बाईची मजुरी पाडून आपण आपल्याच मालाचा भाव पाडत असतो.

दुसरी गोष्ट. दोन-तीन एकरवाल्याच्या घरची बाई स्वतःचं रान उरकलं की दुसऱ्याच्या रानात जाते. म्हणजे आज ओट्यावर बसून जो कमी रोज देतो, त्याच्याच घरातल्या बाईला उद्या दुसऱ्याच्या ओट्यावर कमी रोज मिळतो. सगळेच एकमेकांच्या घरच्या बायांचे पैसे कापतात आणि सगळ्यांच्याच घरात ते कमी येतात. यात कमावलं कोणी?

शेतकरी चळवळीला ही जाण फार पूर्वी आली होती. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, तिथे शेतकरी बाईच्या कष्टाचा प्रश्न उघड्यावर मांडला गेला. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या कष्टाचं ऋण फेडायचं म्हणून गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतीच्या खातेदारांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के दिसतात. सातबाऱ्यावर नाव नाही, मजुरीच्या वहीत बरोबरी नाही, ऊसाच्या पट्टीत पत्ता नाही. मग तिचं म्हणून काय आहे?

गावात काय करता येईल

यातलं बरंचसं काम गावातच, पैशाचा मोठा बोजा न घेता होण्यासारखं आहे.

शेतकऱ्यांनी एवढं करावं. मजुरीच्या वहीत दर कामाचा लिहावा. खुरपणीचा एक दर, फवारणीचा एक दर, काढणीचा एक दर. जो ते काम करील त्याला तो दर, बाई असो की गडी. तास कमी असतील तर तासाप्रमाणे द्यावं, पण तासाचा दर दोघांना एकच असावा. पैसे जिचे तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात द्यावेत, 'नवऱ्याकडे दिले' हा हिशेब नको. टोळी बोलावताना मुकादमकी एखाद्या जाणत्या बाईकडे देऊन पाहावी. काम अडणार नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांनी घरापासून सुरुवात करावी. ग्रामपंचायतीत झाडलोट करणारी बाई आणि पाणी सोडणारा गडी यांच्या पगारात फरक असेल तर तो कशामुळे, हे मासिक सभेत विचारावं. सोसायटीत, दूध डेअरीत, पतसंस्थेत मोजमापाचं आणि हिशेबाचं काम शिकलेल्या मुलींना का मिळत नाही, तेही पाहावं. रोजगार हमीच्या कामावर बाईला मेट करावं. पाच-सहा लहान लेकरं कामावर असतील तर सावली, पाणी आणि सांभाळायला एक बाई, ही सोय करावी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी टोळ्या हलण्याआधी करावी आणि बायकोचं नाव, ओळखपत्र, खातं वेगळं आहे ना, ते तपासावं.

आणि पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्यावा. शेतमजुरीचं किमान वेतन सरकार ठरवतं, त्यात बाईला कमी असा रकाना नाही. ते दर फलकावर लावावेत. गावाने मिळून कामाचा दर ठरवला तर 'शेजारी कमी देतो, मी एकट्याने जास्त का द्यावं' हा वाद उरत नाही. ग्रामसभेच्या दिवशी बाया मागे पडवीत उभ्या राहतात. त्या दिवशी त्यांना पुढे सतरंजीवर बसवा आणि आधी त्यांचं ऐका.

पुन्हा त्या ओट्यावर येऊ. शनिवारची संध्याकाळ आहे, वही तुमच्या मांडीवर आहे, अंगणात सहा माणसं उभी आहेत. कायद्याचा शिपाई त्या ओट्यावर येऊन उभा राहणार नाही, लेबर इन्स्पेक्टरही येणार नाही. तिथे तुम्ही आहात आणि तुमचा हिशेब आहे. आपल्या मालाला काट्यावर एक ग्रॅम कमी धरला तर आपण अडत्याच्या अंगावर धावून जातो. तोच काटा बायांच्या मजुरीलाही लावा. येत्या शनिवारी वहीत सहा नावं लिहा आणि सहा नावांपुढे कामाचा एकच दर लिहा. चार घरांच्या चुलीपर्यंत तो आकडा त्याच रात्री पोचेल.